करुणाबाईंच्या स्वयंपाकघरातला विनोद

करुणाबाई गमरे यांना रडका सिनेमा चालत नसे. "रडायला मला तिकीट लागत नाही," असं त्या म्हणत, आणि ते खरंच होतं. पण हसण्यासाठी त्या एसटीचे हेलकावे खात पूर्णगडजवळच्या वाडीतून रत्नागिरीपर्यंत जात, पावसाळ्यात छत्री गळत असली तरी जात.

ही सवय पोफळीला राहत असतानाची. त्यांचे यजमान, प्रमोद गमरे, तिथल्या वीजगृहात ऑपरेटर होते आणि करुणाबाई जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कॉलनीच्या मैदानात अधूनमधून कापडी पडदा लागायचा. एका बाजूला साहेब लोकांच्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला बाकी सगळे घोंगड्या-सतरंज्या टाकून. पडद्याच्या मागून बघितलं की सिनेमातले लोक डावखुरे दिसत. प्रमोदना त्याचंही हसू यायचं. त्यांचं हसणं विनोद पुरा व्हायच्या आधीच सुरू होई, म्हणून पुढचे लोक पडदा सोडून वळून त्यांच्याकडे बघत आणि मग तेही हसत. करुणाबाईंना सिनेमापेक्षा ते जास्त आवडायचं, की आपला नवरा हसतो आणि त्याच्यामुळे चार माणसं हसतात.

निवृत्तीनंतर दोघं प्रमोदच्या गावी आले. खाडीकडच्या उतारावर चिऱ्याचं कौलारू घर बांधलं, पुढे खळं म्हणजे सारवलेलं अंगण, मागे विहीर. ओटीवर समोरच्या भिंतीला बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली फळीवर बुद्धाची पांढरी मूर्ती. घर बांधून झालं आणि काही वर्षांत प्रमोद गेले. त्या वर्षी करुणाबाई सिनेमाला गेल्याच नाहीत. मग एकदा रत्नागिरीत पेन्शनच्या कामाला गेल्या असताना सहज थिएटरात शिरल्या, एक साधासा कौटुंबिक विनोदी सिनेमा बघितला आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आज आपल्याला भूक लागलीय.

परतीच्या एसटीत शेजारी दमयंती भाटकर होत्या. त्या गावातल्याच, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. आजवर ओळख होती ती वाटेवर बोलण्यापुरती.

"तुम्हीपण तिथंच होता काय?" दमयंतीने विचारलं. "मघाशी मागनं कोणतरी हसत होतं जोरात, तुम्हीच त्या?"

"मीच."

"मग पुढच्या वेळी एकत्र जाऊ. एकटीला हसायला मला लाज वाटते."

तेव्हापासून दोघी जोडीने जाऊ लागल्या. मध्यंतरात बटाटेवडा, सुटल्यावर स्टँडवर चहा. करुणाबाईंची सिनेमाकडून अपेक्षा फार नव्हती. गाणी बरी असावीत, कोणी कोणाला मारू नये, आणि शेवटी सगळ्यांनी एका अंगणात जेवायला बसावं. पंगतीवर सिनेमा संपला की त्यांच्या मते पैसे वसूल.

त्यामुळे पुतण्या अनिल एके दिवशी धावत आला आणि म्हणाला, "काकी, मुंबईची सिनेमावाली माणसं आलीत. कोकणातला विनोदी पिक्चर आहे. त्यांना आपलं घर आवडलंय," तेव्हा करुणाबाईंनी एवढंच विचारलं, "शेवट गोड आहे ना?"

"एकदम गोड. सगळी फॅमिली एकत्र येते."

"मग येऊ देत."

पहिल्या दिवशी त्यांनी पंधरा-वीस माणसांना कोकम सरबत दिलं. दुसऱ्या दिवशी ईशा नावाची मुलगी आली. घर कसं दिसावं हे ठरवणारी ती होती. मुलगी गोड होती, बोलायला अदबशीर. ओटीवर उभी राहून तिने मान तिरकी केली आणि म्हणाली, "काकू, हा फोटो आणि मूर्ती जरा खाली काढावी लागेल. गोष्टीतलं कुटुंब वेगळं आहे ना. फक्त शूटिंगपुरतं."

करुणाबाईंनी क्षणभर भिंतीकडे बघितलं. गोष्टीतलं कुटुंब वेगळं असू शकतं हे त्यांना पटलं. नटसुद्धा मिशा लावतोच.

"नीट ठेवाल ना?"

"हो काकू, मी स्वतः ठेवते."

भिंतीवर देवांच्या तसबिरी आल्या, जुन्या दिसाव्यात म्हणून चहाचं पाणी फासलेल्या. खळ्यात थर्माकोलचं तुळशीवृंदावन उभं राहिलं. त्यावर शेवाळं म्हणून हिरवा रंग शिंपडला होता. पलीकडच्या घरच्यांनी दोरीवर सुकत घातलेले बांगडे सिनेमावाल्यांनी काढायला लावले, कारण नायिकेला वासाने मळमळत होतं. कोकणातल्या सिनेमात मासळीचा वास नको, याची करुणाबाईंना गंमत वाटली आणि त्या हसल्यादेखील.

चौथ्या दिवशी त्या मागे लाकडं आणायला गेल्या. न्हाणीघराच्या भिंतीला, पाण्याच्या पिंपामागे काहीतरी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं होतं. त्यावर जेवणाच्या उष्ट्या प्लेटा रचलेल्या. मटणाचा रस्सा कागदात झिरपला होता, हाडांवर माशा घोंघावत होत्या. प्लेटा बाजूला सारताना त्यांच्या बोटांना कागदाखालचा गार, गुळगुळीत दगडी खांदा लागला.

त्या तिथेच बसल्या. मूर्तीच्या कानाच्या पाळीत तांबडं तेल साठलं होतं. फोटोच्या काचेवर कोणीतरी सिगारेट विझवली होती.

ईशा धावत आली. तिचा चेहरा खरोखरच उतरला. "सॉरी काकू, मी खोलीत ठेवलं होतं. लाइटवाल्यांनी हलवलं असणार. जागाच नव्हती ना."

"साबण आण," करुणाबाई म्हणाल्या.

त्यांनी मूर्ती विहिरीवर नेली आणि राखेने, साबणाने, पुन्हा साबणाने घासली. हाताचा तेलकट वास मात्र संध्याकाळपर्यंत गेला नाही. दोन्ही वस्तू त्यांनी दमयंतीच्या घरी नेऊन ठेवल्या आणि स्वतःही शूटिंग संपेस्तोवर तिकडेच झोपायला गेल्या. अनिलला त्या काही बोलल्या नाहीत. शब्द दिला होता, आणि शेवट गोड होता.

एक दिवस फक्त स्वयंपाकघरात काम चाललं. त्यांना आत सोडलं नाही. त्या खळ्याच्या कडेला पायरीवर बसून राहिल्या. आत पुन्हा पुन्हा तेच काहीतरी होत होतं. एका म्हातारीची किंकाळी, पातेलं पडल्याचा आवाज, आणि मग सगळ्या माणसांचं एकदम हसणं. दहा वेळा तरी. करुणाबाईंना बरं वाटलं. त्यांच्या स्वयंपाकघरात प्रमोद गेल्यापासून इतकं कोणी हसलं नव्हतं.

माणसं गेली तेव्हा विहिरीच्या कट्ट्यावर पानाच्या पिचकाऱ्या होत्या, सुपारीच्या आळ्यात प्लॅस्टिकचे ग्लास आणि खळ्यात पावसाने रंग ओघळलेलं, मोडकं थर्माकोल. ते साफ करायला त्यांना दोन दिवस लागले. पण सिनेमा येईल तेव्हा हे सगळं विसरू, असं त्यांनी मनाला सांगितलं.

सिनेमा आला तेव्हा अख्खी वाडी दोन टेम्पो करून रत्नागिरीला गेली. थिएटर गच्च भरलेलं. पडद्यावर पहिल्यांदा खाडी दिसली आणि मग घर, तेव्हा वाडीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. दमयंतीने करुणाबाईंचा हात दाबला. "बघ गो, तुझं घर कसं हसतंय!"

हसतच होतं ते. सोनेरी उन्हात लाल चिरा चमकत होता, वृंदावनापुढे पणती तेवत होती. मुंबईहून रुसून आलेला नातू, खट्याळ आजी, नातवाचा जाडा, वेंधळा मित्र. त्याला सिनेमात नाव होतं, पण सगळे त्याला गाढवा म्हणत. सामान उचलायचं काम त्याचं. करुणाबाई सुरुवातीपासून हसत होत्या. त्यांचं ते जुनं, मोकळं हसणं, ज्यामुळे पुढच्या रांगा वळून बघायच्या.

मग स्वयंपाकघर आलं. त्यांचा ओटा, त्यांची मांडणी, आणि कोपऱ्यात त्यांचा तांब्याचा हंडा. प्रमोदनी पहिल्या बोनसमधून घेतलेला. जाडा मित्र घामाघूम होऊन आत येतो, इकडेतिकडे बघतो आणि हंड्यात ग्लास बुडवतो. आजी मागून किंचाळते, "शिवलास मेल्या, शिवलास!" मित्र दचकतो, ग्लास पडतो, पातेलं पडतं. आजी पदर सावरत उडी मारते, हंडा उचलून सगळं पाणी त्याच्या डोक्यावर ओतते, मग गोमूत्र शिंपडत सुटते. त्याच्यावर, नातवावर, मांजरावर, चुकून गावच्या सरपंचावर.

थिएटर हशाने फुटलं. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. आणि करुणाबाईही हसल्या. मांजर अंग झटकून पळालं तेव्हा त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

हसू ओसरत असताना त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. कशाला हसलो आपण?

त्यांना आठवावं लागलं नाही, ते तिथंच होतं. त्या लहान असताना माहेरच्या गावी शाळेत पाण्याची घागर होती. त्यांच्या वाडीच्या पोरांनी ओंजळ करून उभं राहायचं आणि शिपायाने वरून पाणी सोडायचं. शिपाई घाईत असला की पाणी कोपरापर्यंत जायचं आणि तोंडात थेंबही पडायचा नाही. बाकीची मुलं हसायची. अगदी असंच.

मध्यंतरात खाल्लेला वडा त्यांच्या घशाशी आला. त्या उठल्या, लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर गेल्या आणि बायकांच्या स्वच्छतागृहात बेसिनवर वाकल्या. पोटातलं सगळं पडलं. फिनेल आणि पॉपकॉर्नच्या लोण्याचा वास एकत्र येत होता. तोंडावर पाणी मारत असताना मागे दोन मुली आल्या. एकीने दुसरीला ओला हात लावला. दुसरी ओरडली, "शिवलास मेल्या, शिवलास!" आणि दोघी खिदळत सुटल्या.

दमयंती शोधत आली. "काय झालं गो? वडा बाधला?"

"तो सीन बघितलास ना?"

दमयंतीला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिने आवाज खाली आणला. "अगो, पण त्या म्हातारीचीच टर उडवलीय ना त्यात? तिलाच हसतायत लोक."

"म्हातारीला हसत असतील तर शेवटी कळेल," करुणाबाई म्हणाल्या. त्यांनी तोंड पुसलं आणि परत आत गेल्या. दमयंतीला वाटलं होतं की त्या आता घरी जाऊ म्हणतील.

त्या ताठ बसून राहिल्या. आजीला कोणी काही म्हटलं नाही. आजी आजारी पडली, नातू रडला, आजी बरी झाली, सगळ्यांची लाडकी झाली. आणि मग पंगत आली. करुणाबाईंच्या खळ्यात, केळीच्या पानांवर. कॅमेरा एकेका हसऱ्या चेहऱ्यावरून हळूहळू फिरत होता. नातू, नायिका, सरपंच, रुसलेले काका. त्या एकेक चेहरा बघत गेल्या. जाडा मित्र कुठे होता? तो शेवटच्या टोकाला उभा होता, खांद्यावर बाक घेऊन, दात काढून हसत. कोणी त्याला बस म्हटलं नाही. पडद्यावर 'समाप्त' आलं, गाणं लागलं, लोक डोळे पुसत उठले.

"काय मस्त पिक्चर, नाय?" मागचा कोणीतरी बायकोला म्हणाला. "एकदम फ्रेश वाटलं."

पुढचे काही महिने ते वाक्य गावभर होतं. मासळी बाजारात कोणाचा हात कोणाच्या टोपलीला लागला की, "शिवलास मेल्या!" एसटीचा कंडक्टर सुटे पैसे देताना म्हणायचा. करुणाबाईंच्या स्वतःच्या वाडीतली पोरं पकडापकडी खेळताना तेच ओरडायची. ज्यांच्या आज्यांना त्या शब्दाने हाकललं होतं, त्यांची पोरं. करुणाबाईंनी एकदा एकाला थांबवून विचारलं, "अर्थ माहीत आहे का?" तो म्हणाला, "म्हणजे आऊट झालास, बाई."

घर बघायला माणसं येऊ लागली. कोल्हापूर, सांगली, पुणे. गाड्या बौद्धवाडीच्या फाट्यावर लावून मोबाइल वर धरत चढण चढून येत. वृंदावन कुठं गेलं म्हणून विचारत. "थर्माकोलचं होतं," असं सांगितलं की त्यांना वाईट वाटे, जणू करुणाबाईंनीच मोडलं. बऱ्याच जणांना हंड्यापाशी तो सीन करून व्हिडिओ काढायचा असे. दोनदा त्यांच्या अंगणात लोकांनी एकमेकांवर पाणी ओतून ओरडाआरडा केला आणि जाताना रिकाम्या बाटल्या कुंपणात टाकल्या.

एका दुपारी एक कुटुंब आलं. बाई चांगल्या घरची, गोड बोलणारी. उन्हात लाल झालेल्या तिच्या मुलीला करुणाबाईंनी पाणी दिलं, बाईलाही दिलं. "किती आनंदी घर आहे हो तुमचं," बाई म्हणाली. "आम्ही हा पिक्चर तीनदा बघितला. मूड खराब असला की लावतोच." मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. फोटो, मूर्ती. ती हसतच राहिली, पण हसू तिथंच राहिलं आणि डोळे दुसरीकडे गेले. "अगंबाई, उशीर झाला. चल बाळा." मुलीचा ग्लास अर्धा झाला होता. बाईचा तसाच भरलेला ओटीवर राहिला.

तहान नसेल तिला. खरंच उशीर झाला असेल. करुणाबाई तो भरलेला ग्लास हातात घेऊन उभ्या राहिल्या. बाईचा राग त्यांना आला नाही. पण एका ग्लासभर पाण्याचा हिशेब आपण या वयात पुन्हा करत बसलो, याची त्यांना शिसारी आली. त्यांनी ते पाणी जास्वंदीला घातलं आणि त्या दिवसापासून फाटकाला कडी घातली.

आठवडाभराने अनिल पाटी घेऊन आला. रंगीत, मोठी. वर घराचं चित्र, खाली ते वाक्य, त्याखाली 'फेम घर – राहण्याची व जेवणाची सोय'. त्याने ती विचारण्याआधीच फाटकाला ठोकली होती.

"काढ ती," करुणाबाई म्हणाल्या.

"काकी, सगळी दुनिया हसते त्याला. तूच एकटी तोंड वाकडं करून बसलीस. आपली माणसंपण हसतात. मीपण हसतो. सिनेमा आहे तो."

"आत ये."

तो आत आला. त्या हंड्यापाशी गेल्या, झाकण काढलं आणि मनगटापर्यंत हात पाण्यात बुडवला. मग त्याच्याकडे बघितलं.

"म्हण आता."

"काय?"

"मी हात घातलाय. म्हण ना ते. विनोद आहे ना?"

अनिल हसला. तोंड उघडलं. त्यांचा हात पाण्यात तसाच होता, तांब्यामुळे तांबूस दिसणारा, सुरकुतलेला. लहानपणी पोफळीला सुट्टीत आला की याच हाताने त्याला भरवलेलं. त्याने तोंड मिटलं, मान दुसरीकडे केली.

"तुझं आपलं काहीतरीच असतं," तो पुटपुटला आणि बाहेर गेला. पाटी उपटताना त्याने एवढा जोर लावला की फाटकाची एक फळीही निघून आली. ती तशीच टाकून तो गेला. त्यानंतर बरेच महिने तो काकीशी बोलला नाही, आणि त्याला चूक वाटली असं त्याने कधी म्हटलं नाही. वाडीतले काही जणही नाराज झाले. चार पैसे गावात आले असते, म्हणाले. करुणाबाईंनी कोणाला समजावलं नाही. फळी त्यांनी स्वतःच खिळे ठोकून बसवली.

दिवाळीनंतर दमयंती भीतभीतच आली. नवा विनोदी सिनेमा लागला होता. शहरातला, एका सोसायटीतला, कोकण नाही की आजी नाही. करुणाबाई साडी बदलून निघाल्या.

सिनेमा वाईट नव्हता. लोक हसत होते. करुणाबाईंना वाटलं आपणही हसू, पण प्रत्येक वेळी हसू ओठांपर्यंत आलं की मध्ये काहीतरी आडवं यायचं. कोणाला हसतायत हे? कशाला? माशाच्या तुकड्यात काटा चाचपावा तसं त्यांचं मन प्रत्येक वाक्य चाचपून बघत होतं. घास तोंडात फिरत राहिला, गिळता आला नाही. काटा नव्हताही बहुतेक. पण तोवर विनोद पुढे गेलेला असायचा. साधं हसायलासुद्धा आता पहारा ठेवावा लागतो, या विचाराने त्यांना सिनेमापेक्षा, त्या बाईपेक्षा, अनिलपेक्षाही जास्त वीट आला.

स्टँडवर चहा घेताना दमयंती म्हणाली, "मला नाय आवडला फारसा."

"खोटं बोलू नकोस. चांगला होता."

"अगो, मी बघितलाच कुठं? तुझ्याकडे बघत होते. तू हसतेस का ते."

करुणाबाईंनी कप खाली ठेवला. "असं नको करूस हां, दमयंती. मला त्याचाही त्रास होतो. माझ्यापायी तुझं हसू बंद व्हायला नको. तुला हसायला आलं की हसायचं."

"आणि तुला नाय आलं तर?"

"तर नाही आलं."

पूर्णगडची गाडी लागली. गर्दी होती. दमयंतीने खिडकीतून रुमाल टाकून दोघींची जागा धरली आणि करुणाबाईंना पुढे ढकललं. पावस गाव मागे पडलं. मग दमयंतीला सिनेमातलं काहीतरी आठवलं आणि ती तोंडावर पदर धरून एकटीच हसू लागली. करुणाबाईंनी विचारलं, "काय झालं?" आणि दमयंतीने सांगायला सुरुवात केली.